काळ्या ट्रकवरचे गोल ओरखडे

आजच्या समारंभाच्या अध्यक्षा आदरणीय मीनाक्षीताई सबनीस, व्यासपीठावर शाल पांघरून घामाघूम बसलेले सत्कारमूर्ती आणि माझे मित्र सीताराम घाडीगावकर, त्यांच्या शेजारी बसलेले ऑफिसचे मॅनेजर जगदीशराव, समोर पहिल्या रांगेत बसलेल्या सुभद्रावहिनी, आणि सबनीस साऊंड अँड लाईट या संस्थेतल्या माझ्या तमाम बंधूभगिनींनो.

मला पाच मिनिटं मिळाली आहेत. जगदीशरावांनी मोबाईल घड्याळ लावून माझ्यासमोर ठेवलाय. ठेवू देत. ज्याने आयुष्यभर काळ्या गाडीला पॉलिश केलंय त्याला पाच मिनिटांत काय उरकतं, हे त्यांना सांगून उपयोग नाही.

काही नवीन मंडळी दिसतायत, म्हणून आधी माझी ओळख देतो. मी दत्ताराम बागवे, लालबागचा पेंटर. चित्रं काढणारा नव्हे, गाड्या रंगवणारा. या संस्थेचा मी नोकर नाही. पण तुमचा तो काळा ट्रक, जो स्पीकर आणि लाईट भरून गिरगावपासून दादरपर्यंत प्रत्येक नाट्यगृहाच्या मागच्या दाराला लागतो, तो बारा वर्षं माझ्या गॅरेजला येतोय. आणि बारा वर्षं तो चालवणारा माणूस म्हणजे हा सीताराम. त्याच्याआधीची गाडीही त्यानेच चालवली. एकूण नोकरी तीस वर्षं. एक अपघात नाही. एका प्रयोगाला उशीर नाही.

आता काळ्या रंगाबद्दल बोलू द्या, नाहीतर मला झोप लागणार नाही. ताईंचे वडील, आपले अप्पा, हे देवमाणूस होते याबद्दल दुमत नाही. पण ट्रक घेतला तेव्हा मी त्यांना हात जोडून सांगितलं होतं, अप्पा, निळा घ्या, राखाडी घ्या, वाटलं तर पोपटी घ्या. अप्पा म्हणाले, "दत्ताराम, विंगेत उभा राहणारा माणूस काळे कपडे घालतो. आपली गाडीसुद्धा विंगेतलीच आहे." वाक्य सुंदर आहे, मान्य. पण घासायचं कोणी?

पांढऱ्या गाडीवर महिनाभराची धूळ बसली तरी ती चारचौघांत सभ्य दिसते. काळ्या गाडीवरून मांजर चालून गेलं तर त्याचा पुढचा पाय कुठला आणि मागचा कुठला हेसुद्धा कळतं. रंग मारताना हवेतला एक कण येऊन बसला की पुटकुळी. हात जरा रेंगाळला की ओघळ. घाई केली की संत्र्याच्या सालीसारखा पृष्ठभाग. मग घासा आणि परत मारा. एवढं करून गाडी बाहेर काढावी, तर आमच्या लालबाग-परळला गल्लोगल्ली टॉवर चढतायत, त्यांचं सिमेंट तिच्यावर उतरतं. त्यात थोडा पाऊस शिंपडला की त्याचा गिलावा होतो. आणि दसरा. फुलं मऊ असतात हो, पण झेंडूचा हार तारेत ओवलेला असतो. काचेखाली ओल्या कुंकवाचं स्वस्तिक काढायचं आणि कोजागिरीपर्यंत कोणी पुसायचं नाही. नारळ फोडायला अख्ख्या लालबागमध्ये दगड सापडत नाही, बंपरच पाहिजे. मी देवाधर्माच्या विरुद्ध नाही. मी तारेच्या विरुद्ध आहे.

जगदीशराव, बोट वर करू नका, दोन मिनिटं झाली मला माहीत आहे.

तर या सगळ्यावर कळस म्हणजे हे सत्कारमूर्ती. रोज सकाळी सात वाजता हा माणूस गोडाऊनच्या दारात गाडी पुसायचा. कशाने? कोरड्या फडक्याने. पाणी मारायचं नाही, काही नाही, धुळीवर थेट फडका. मी सांगून सांगून थकलो. म्हटलं, अरे सीताराम, हा फडका नाही, पॉलिशपेपर आहे. तर म्हणायचा, "मी काय भांडी घासतंय? पुसतंय नुसता." छतापासून चाकापर्यंत, एका रेषेत, शांतपणे. मध्ये कोणी चहाला बोलावलं तरी यायचा नाही. माझ्या डोक्यात जायचं ते.

आणि म्हणून मघाशी जगदीशरावांनी जो विनोद केला, त्याला तुम्ही सगळे हसलात, त्यात तुमचा दोष नाही. शाल दिली, श्रीफळ दिलं, आणि मग फ्रेम करून पिवळा फडका दिला. म्हणाले, "ज्या फडक्याने सीतारामने आमच्या गाडीचा रंग उतरवला, तो त्यालाच सप्रेम भेट." हॉल डोक्यावर घेतलात तुम्ही. सीतारामही हसला. मी त्याच्याकडे बघत होतो. हसला आणि मान खाली घातली, ती अजून वर केलेली नाही.

ही गोष्ट ऑफिसात आली कुठून, की सीतारामने रंग घालवला? मी सांगतो. माझ्याकडून आली.

दर वर्षी गणपतीच्या आधी ट्रक माझ्याकडे पॉलिशला येतो. पहिली सहा वर्षं मी हाताने घासायचो. खांदा धरायला लागला म्हणून सातव्या वर्षी, म्हणजे २०१९ साली, मी बफिंगचं मशीन घेतलं. गरगर फिरणारं, त्याला लोकरीचं पॅड. काय चमक आली म्हणून सांगू. ताईंनी त्या गाडीत बघून टिकली सरळ केली होती, आठवतंय ना ताई? आणि दसऱ्यापर्यंत, म्हणजे तीन-चार वेळा धुतली जाईपर्यंत, त्याच गाडीवर बारीक बारीक ओरखडे. नाट्यगृहाच्या मागच्या दाराचा दिवा तिच्यावर पडला की दिव्याभोवती नुसती जाळी. दुसऱ्या वर्षी तेच. तिसऱ्या वर्षी तेच. माझ्या हातून गाडी आरशासारखी जायची आणि सीतारामच्या हातात गेली की अशी व्हायची. आता तुम्हीच सांगा, कोणीही काय समजेल?

मी तेच समजलो. २०२२ च्या दसऱ्यानंतर मी फोटो काढले, आणि ताईंना लेखी तक्रार दिली. "चालकाच्या निष्काळजीपणामुळे रंगाचे कायमचे नुकसान होत आहे." असलं मराठी मी एरवी लिहीत नाही. राग आला की माझी भाषा सुधारते. ताईंनी कागदावर विश्वास ठेवला. का ठेवू नये? इतक्या वर्षांचा पेंटर सांगतोय. आणि तुम्ही सीतारामला त्या ट्रकवरून उतरवलंत. चौदा महिने तो लालबागच्या गोडाऊनमध्ये केबलची भेंडोळी करत बसला. काळा ट्रक माल भरायला दाराशी लागला की हा आतल्या खोलीत जायचा. तक्रार कोणी केली ते त्याला कोणी सांगितलं नाही, आणि मीही सांगितलं नाही. त्या चौदा महिन्यांत मी त्याच्याबरोबर चहा प्यायलो. तो मला म्हणायचा, "दत्ता, माझो हात जड झालो रे." मी म्हणायचो, होतं असं वयाप्रमाणे.

त्याच्या जागी गौतम आला होता. चौदा महिन्यांनी तो दुसरीकडे गेला आणि ट्रक परत सीतारामकडे आला. चांगला मुलगा, पण त्याने फडका कधी हातात धरला नाही. पाईपने पाणी मारलं की झालं काम. आणि तरी पुढच्या दसऱ्याला गाडीवर तीच जाळी. आता तरी या शहाण्याच्या डोक्यात प्रकाश पडावा? मी काय म्हणालो माहीत आहे? म्हणालो, सीतारामने इतके खोल ओरखडे घातलेत की ते अजून वर येतायत. ताईंनी तेही ऐकून घेतलं.

मोबाईल वाजला वाटतं. जगदीशराव, तो बंद करा आणि खाली बसा. तुमच्याच विनोदाचं उत्तर चाललंय.

तीन आठवड्यांपूर्वी, याच समारंभासाठी, ट्रक माझ्याकडे आला. निरोपाच्या दिवशी बाहेर चकचकीत उभा राहावा ही ताईंची इच्छा. माझी मुलगी अक्षता रंगाच्या कंपनीत कामाला आहे. गॅरेजवाल्यांना पॉलिश कसं करायचं ते शिकवत फिरते. बापाला सोडून सगळ्यांना शिकवते, कारण बाप ऐकत नाही. त्या दिवशी ती डबा द्यायला आली आणि टॉर्च लावून गाडीच्या दारावर बघत बसली. मला म्हणाली, "बाबा, सीतारामकाका फडका कसा मारतात?"

म्हटलं, वरून खाली. सरळ. एवढी वर्षं बघतोय.

"मग हे गोल कोणी मारले?"

मी वाकून बघितलं. ओरखडे गोल होते. सगळे. सरळ असे चार-दोन केसासारखे होते, तेवढे मी अर्ध्या तासात काढतो. जाळी जी होती ती गोल होती. सहा वर्षं मी ती बघत होतो, फोटो काढत होतो, ताईंना पाठवत होतो, आणि ती गोल आहे हे मला दिसलं नव्हतं.

मी अर्थात भांडलो. बाप आहे मी. म्हटलं, मशीनने झालं असतं तर लगेच दिसलं नसतं का? तिने भंगारातला एक काळा दरवाजा घेतला, ज्याला सीतारामचा हात काय, सावलीही लागली नव्हती. म्हणाली, करा पॉलिश. केलं. आरसा. मग तिने त्याच्यावर स्पिरिटचा बोळा फिरवला आणि टॉर्च धरला. जाळी. पॉलिशमध्ये तेल असतं, बाबा, ते ओरखड्यांत भरून बसतं, म्हणाली, चार धुण्यांत निघून जातं. मग माझं पॅड हातात घेऊन तिने त्याच्यात नख घातलं. वाळलेलं पॉलिश आत खड्यासारखं झालेलं. पॅड धुवायचं असतं हे मला माहीत होतं. मी झटकायचो. झटकून वापरायचो.

तर मंडळी, तुमच्या ट्रकचा रंग सीतारामने नाही घालवला. मी घालवला. दर वर्षी, गणपतीच्या आधी, तुमच्याकडून वाहवा घेऊन घालवला.

तीन आठवडे मी हे सांगायला फिरतोय. दोनदा याच्या घरी गेलो. दोन्ही वेळा तोंड उघडलं ते बिस्किटासाठी. दुसऱ्या खेपेला सुभद्रावहिनींनी निरगुडीच्या तेलाची बाटली आणली आणि याच्या गुडघ्याला चोळायला बसल्या. मला म्हणाल्या, "भावजी, आता रिटायर होतायत ते बरं झालं. तेव्हा गुडघ्यापायी गाडी सोडावी लागली, तेव्हापासून मी एक दिवस चुकवला नाही." मी सीतारामकडे बघितलं. तो भिंतीकडे बघत होता. जिन्यापर्यंत सोडायला आला तेव्हा हळूच म्हणाला, "तिका काय सांगू नको हां. गुडघ्याक काय झालेला नाय. गाडी काढून घेतली म्हणून कसा सांगतलंय असतंय?"

सीताराम, माझ्याकडे असं बघू नकोस. शब्द मोडला, कबूल आहे. पण तू लाज बाळगलीस ती माझ्या चुकीची. ती तुझ्या घरात राहता कामा नये.

काय म्हणताय, वहिनी? मोठ्याने बोला, मागे ऐकू जात नाही. वहिनी विचारतायत, दुखत नव्हता तर रोज तेल का लावून घेतलं. हसू नका कोणी. त्याला वहिनींच्या हातून तेल लावून घ्यायचं असेल, किंवा दुसरं काही सांगायचं धाडस नसेल. ते त्या दोघांचं. आपण त्यात पडायचं नाही.

ताई, एक विनंती. माझी ती तक्रार ऑफिसच्या फाईलमध्ये असेल. ती फाडू नका. उद्या मला फाईल द्या, त्याच कागदाखाली मी लिहून सही करतो की ओरखडे पेंटरचे आहेत. पुढेमागे कोणी फाईल उघडली तर दोन्ही एकत्र वाचलं जाईल. आणि जे सरळ, एका रेषेत पुसणं मी त्याला बारा वर्षं सोडायला सांगत होतो, ते नवीन ड्रायव्हरला शिकवायला सांगा. फडका ओला करा म्हणावं, एवढंच.

मला इथे बोलायला उभं केलंत, आणि पाच मिनिटांची पंधरा होऊ दिलीत, त्याबद्दल ताईंचे, जगदीशरावांचे आणि आपल्या सर्वांचे मनापासून आभार. भाषण संपवताना बोलण्यातल्या उण्यादुण्याबद्दल सभेकडून क्षमा मागतात. ती तुम्ही कराल, तुमचं त्यात काही गेलेलं नाही.

सीताराम, तुझीही मागतो. पण तू आज काही बोलू नकोस. अंगावर शाल आहे, हातात नारळ आहे, एवढी माणसं बघतायत. अशा वेळी कोणीही "जाऊ दे रे" म्हणतो, आणि मला ते नकोय. घरी जा, वहिनींशी काय ते बोल, चौदा महिने एकदा नीट आठव, आणि मग ठरव. उद्या सकाळपासून मी गॅरेजमध्येच आहे. नाही म्हणायचं असलं, तरी ये.