चमचा, उसण आणि पिवळी खुर्ची

—नाही, नाही, उठायचं नाही, कॅझ, हलूसुद्धा नकोस, आहेस तिथेच पडून राहा. ऐक माझं. फरशी गार आहे हे मलाही दिसतंय, पण पलंग वरच्या मजल्यावर आहे आणि तुला उचलून नेणारी मी कोण पहिलवान लागून गेले? मी आपली नेहमीसारखी खुर्ची परत करायला आले, दार ढकललं, म्हटलं आज कॉफीचा वास कसा नाही—आणि बघते तर टेबलाखालून दोन पाय. एक मोजा निळा, एक करडा. माझ्या काळजाचं पाणी पाणी झालं होतं, सांगून ठेवते, मग तू म्हणालास, ‘लॉरेटा, बूट काढून ये, फरशी ओली होईल,’ तेव्हा कळलं, मेला जिवंत आहे. आणि झालं काय—तर चमचा? चमचा उचलायला वाकलास? अरे, सकाळभर रस्त्यावरचा ओला बर्फ फावड्याने उपसलास तेव्हा कंबर चकार शब्द बोलली नाही, आणि चहाच्या चमच्यापुढे हात टेकलेस! हसू नकोस, हसलास की दुखेल. दुखलं ना? सांगितलं होतं.

थांब, आधी सरळ उत्तरं दे, चेष्टा मग. पडलास का? आपटलास कुठे? नाही—कळ आली आणि टेबल धरून हळूहळू खाली बसलास. बरं. पायाची बोटं हलव—हलतायत. पाय बधिर वाटतात? कळ खाली पोटरीपर्यंत जाते? नाही. मांड्यांच्या मध्ये मुंग्या, किंवा लघवी अडलीय, नकळत होतेय, असं काही—तोंड काय फिरवतोस तिकडे? माझ्या नवऱ्याची, बर्नीची कंबर तो जाईपर्यंत मी चोळली, मला लाजून काय होणार! यातलं एक जरी ‘हो’ म्हणालास तरी मी तुझं काही ऐकणार नाही, सरळ अँब्युलन्स. नाही ना? आयरीनची शपथ? वरून बघतेय हं तुझी बायको. मग साधी उसण आहे. बर्नीने जन्मभर शहराची बस चालवली, पिट्सबर्गचे सगळे चढउतार त्या कंबरेने पचवले, आणि उसण भरली कशाने, तर शिंकेने. तेव्हापासून मी या विषयातली पंडित आहे, म्हणून निमूट ऐकायचं.

आता ही खुर्ची घे—म्हणजे तू नको घेऊस, मी सरकवते. तुझीच खुर्ची, तुझीच पिवळी प्लॅस्टिकची बैठक, खाली अजून बर्फ चिकटलाय. एक पाय दे. पोटरी बैठकीवर ठेव, नुसती टाच नको. आता दुसरा. असा. गुडघे मुडपलेले, कंबर जमिनीला टेकलेली—बघ, श्वास कसा सुटला तुझा. सुटू दे. दात सोड, खांदे सोड. कंबरेला वाटतंय की तू अजून बर्फच उपसतोयस, म्हणून ती घट्ट धरून बसलीय; तिला कळू दे की झालं काम, आता कुणी काही मागत नाही. आणि शेकायला—नाही, गरम मग, आधी गार. माझ्या पिशवीत सारण भरून गोठवलेल्या पिएरोगीचं पाकीट आहे. आज ईस्टरआधीच्या उपासातला शुक्रवार ना, मांस बंद, पहाटेपासून चर्चच्या तळघरात आम्ही बायका बसून पिएरोगींना मुरड घालतोय, संध्याकाळी मासे तळायचेत, हजारभर माणसं येतील. तुझ्यासाठी म्हणून एक पाकीट बाजूला काढलं होतं. खायला काढलं होतं! टॉवेलात गुंडाळून देते, कातडीला थेट लावायचं नाही. कमरेखाली सरकव, हळू. चीजची आहेत. नाही, कोबीची नाहीत, मला माहीत आहे तुला कोबी चालत नाही. कसं माहीत म्हणजे? सगळ्या गल्लीला माहीत आहे. आणि गोळी कुठली घेणार आहेस? ती नाही चालणार, कॅझ, तू रक्त पातळ करायच्या गोळ्या खातोस, त्यांच्यासोबत ती अजिबात नको. ही साधी, तापावरची, हीच घ्यायची, डॉक्टरीणबाईंनी तुला मागेच सांगितलं होतं आणि तेव्हा मीच शेजारी बसले होते.

पण मला एक सांग, डेनिसचा फोन उचलायला कुणी सांगितलं होतं तुला? फरशीवर आडवा, आणि खिशातून फोन काढून पोरीला सांगतोय, ‘मी अगदी मजेत आहे.’ मजेत असलास की तू कधी ‘मजेत’ म्हणतोस का? मजेत असलास की तू हवेची तक्रार करतोस! निघालीच असणार ती. आणि नाताळात काय म्हणाली होती? मी हॅम कापत होते, मी ऐकलं—‘बाबा, पुन्हा एकदा जमिनीवर सापडलात, की हे घर विकायचं आणि माझ्याकडे यायचं.’ वाईट नाही हं ती. काळजी आहे. तिच्या घराला तळघरात वेगळी खोली, वेगळा टीव्ही, तिथे बर्फ उपसायला माणूस येतो. मी काही बोलत नाही. जायचं तर जा. मी कोण—

ती बघ! पुढच्या खिडकीतून गेली, पांढरी गाडी, डेनिसच. अरे पडून राहा! गाडी लावायला जागा कुठाय तिला? सगळी गल्ली बर्फाने बुजलीय. ज्याने उपसली त्याची जागा, वर राखण म्हणून घरातली वस्तू—मिसेस पेट्राकने आपल्या जागेवर इस्त्रीची फळी उभी केलीय, त्या कोपऱ्यावरच्या पोरांनी प्लॅस्टिकचा सांताक्लॉज, आणि डेनिस याच गल्लीत वाढली, ती मेली तरी दुसऱ्याने मांडलेली वस्तू हलवायची नाही. एकच मोकळी जागा होती, तिच्यात माझी गाडी. गेली टेकडीला वळसा घालायला. मिळाला की नाही वेळ आपल्याला? कधी नव्हे ते माझ्या गाडीने तुझं भलं केलं.

त्या जागेवरून आठवलं. तुझी तर गाडीच नाही, कॅझिमिर. डोळ्यांमुळे उन्हाळ्यातच विकलीस. मग बिनगाडीचा माणूस पहाटे उठून गाडीपुरता बर्फ उपसतो, वर आपली स्वयंपाकघरातली खुर्ची तिथे मांडून येतो, ती कुणासाठी? डेनिससाठी? डेनिसचा फोन तर आत्ता आला. तुझी मर्जी, मी विचारत नाहीये. मी एवढंच म्हणते की उद्यापासून हे बंद. या वयात ओला बर्फ म्हणजे गंमत नाही. मी चालत जाईन. चर्च काय, त्या वळणावर तर आहे, माझे पाय धडधाकट आहेत, तेवढ्यासाठी गाडी लागतेच कुठे मला, मी तर नुसती—

काय? काय बघतोस असा?

बरं, नाही लागत. नाही लागत गाडी. सगळा हिवाळा नाही लागली. पण मी गाडी काढली नाही तर तू जागा कशाला करशील, आणि जागा केली नाहीस तर खुर्ची कशाला मांडशील, आणि खुर्ची मांडली नाहीस तर मी परत काय आणून देऊ? नुसतं ‘कॉफी प्यायला आले’ म्हणून दार ढकलायचं? तिकडे मिसेस पेट्राक पडद्याआड दुर्बीण घेऊन बसलेली असताना? खुर्ची हातात असली की बाई कामाला आलीय असं दिसतं. पुरे, हसू नकोस म्हटलं ना! आणि हे गालांवर दिसतंय ना, ते थंडीचं आहे.

चल, आता उठायचं. पुन्हा गेली ती, बघितलंस, हॉर्न वाजवत गेली. पाय खाली घे, एकेक. आता कुशीवर वळ—सगळा एकदम, लाकडाच्या ओंडक्यासारखा, खांदा आणि कंबर बरोबर, पीळ द्यायचा नाही. शाब्बास. हाताने जमीन रेट. गुडघ्यावर ये. खुर्ची धर, माझा हात नको, खुर्ची—बरं, हातही धर. श्वास सोड आणि वर. उभा! बघ, उभा आहे माणूस! वाकडा आहे थोडा, पण वाकडा तू आधीपासूनच होतास. आता पलंगावर जाऊन ओंडका व्हायचं नाही हं, दिवसभर थोडं थोडं चालायचं, ओट्यापासून खिडकीपर्यंत, संध्याकाळी गरम पाण्याची पिशवी. चमचा मी उचलते. फावडं माझ्या घरी नेते.

बस खुर्चीवर क्षणभर. बस रे, रोज मीच बसते तिच्यावर आणि तू आपला कप घेऊन ओट्याला टेकून उभा. बाकीच्या खुर्च्या डेनिसने नेल्या तेव्हापासून उभाच आहेस की तू. हे माझ्या डोक्यात कसं आलं नाही?

घंटा वाजली. मिळाली वाटतं जागा. कुठे लावली कोण जाणे. हे बघ, खोटं सांगू नकोस तिला. उसण भरली होती, आता उभा आहे, आणि हाकेच्या अंतरावर कुणीतरी आहे, एवढं सांग. तेवढं पुरे झालं तिला तर झालं, नाहीतर—नाहीतर काय ते ती ठरवेल आणि तू ठरवशील. मी मागच्या दाराने निघते, तळघरात पिठाचा गोळा वाळत असेल.

काय? बाही सोड. सोड, डेनिस बघेल.

...बघू दे?

मग ऐक. उद्या मी माझी खुर्ची घेऊन येते. लाकडी आहे, जड आहे, आणि ती मी परत नेणार नाही. इथे, टेबलाच्या या बाजूला मांडणार. डेनिसला सांग, हवं तर घर विक म्हणावं, पण आधी ती खुर्ची हलवून दाखव—याच गल्लीत वाढलीय ती, मांडलेल्या खुर्चीचा अर्थ तिला कुणी शिकवायला नको.

जा आता, दार उघड. ताठ चाल. इतकं ताठ नको! जा म्हटलं ना—मी थांबलेय.