आता नाही वाजणार

नाही हो दादा, चार्जर चांगला आहे, माझा फोन त्याच्यावरच चालतो ना — आणि बटण म्हणाल तर दाबून दाबून बोट दुखायला लागलं, मेला साधा थरथरतसुद्धा नाही. पाण्यात? छे, पाण्यात कुठला पडायला! तुम्ही उघडून तर बघा. मी बसते या स्टुलावर, मला काही घाई नाही — म्हणजे आहे, शेजारच्या काकूंना ह्यांच्याजवळ बसवून आलेय, पण तुम्ही सावकाश करा. फोन ह्यांचाच, माझ्या नवऱ्याचा.

नवीन नको. अहो, सगळं करून झालं — सिमकार्ड काढून बहिणीच्या जुन्या फोनमध्ये घातलं, तो ह्यांच्या उशाशी ठेवला. वाजला, तर हे तो घेऊन माझ्याकडे आले, माझ्यापुढे धरला आणि म्हणाले, "बाई, तुमचा फोन वाजतोय." आणि मी तिथे माझा फोन कानाला लावून उभी! हसा, हसा, मलाही आधी हसूच आलं. ह्यांना हाच लागतो, म्हणून कार्ड परत ह्याच्यातच घातलंय. हा कोपरा फुटलाय बघा, त्याच्यावर अंगठा फिरवत बसायची सवय.

घरातल्या घरात फोन कशाला, असंच ना? तुम्ही विचारलं नाहीत, पण चेहरा सांगतो तुमचा. ह्यांना माणसं ओळखू येत नाहीत आता. मीसुद्धा. सगळा जन्म "अगं" म्हणत आलेला माणूस मला "अहो बाई" म्हणतो, ताट पुढे ठेवलं की "कशाला त्रास घेतलात" म्हणतो. पण एकदा औषधाच्या दुकानात मला उशीर झाला, काकू होत्या घरी, तरी मी फोन केला — आणि पलीकडून काय आवाज यावा? "भिंगरे, आहेस कुठे तू? घरी कोण एक बाई येऊन राहिल्यात, जरा लवकर ये." भिंगरी म्हणजे मीच — एका जागी ठरत नाही म्हणून लग्नानंतर ह्यांनीच ठेवलेलं नाव. दुकानात सगळ्यांसमोर रडले मी. समोर बोलले तर परकी, फोनवर बोलले तर बायको! डॉक्टरांनाही नीट सांगता आलं नाही. मग काय, रोज दुपारी भांडी आवरली की मागच्या गॅलरीत जायचं, दार ओढून घ्यायचं आणि ह्यांना फोन लावायचा — जेवलात का, औषध घेतलं का — ह्यांच्यासाठी हो, ह्यांचा जीव शांत राहावा म्हणून.

हिरवं काय आहे ते? गंज? — बरं, पाण्यात पडला होता. पडला नाही, बुडवला. तांदळाच्या डब्यात ठेवला होता मी, कोणीतरी सांगितलं म्हणून, दोन दिवस भात नाही शिजवला घरात. पुसा ना त्या ब्रशने, निघेल ना ते? पुसा.

हो, ह्यांनीच बुडवला. रागाने नाही हो — राग असता तर बरं वाटलं असतं. त्या दिवशी फोनवर म्हणाले, "भिंगरे, या बाई फार चांगल्या आहेत गं. पण हा फोन वाजला की त्यांचं काहीतरी बिनसतं. बाहेर जातात आणि डोळे लाल करून येतात." मी म्हटलं, असेल काहीतरी, तुम्ही नका मनाला लावून घेऊ. डोळे पुसून आत आले, तर हे बादलीपाशी उभे, बाही कोपरापर्यंत भिजलेली. म्हणाले, "बाई, आता नाही वाजणार. आता रडू नका."

ज्याच्यावर बायको बोलायची तो फोन बुडवला — आणि कुणासाठी? त्या बाईसाठी. हेवा वाटला मला त्या बाईचा, खरं सांगते, माझाच मला! आणि तेव्हापासून एकदा म्हणून विचारलं नाही, फोन कुठाय, भिंगरी कधी येणार, काही नाही. छान जेवतात, छान झोपतात. दुपार झाली की चैन पडत नाही ती मलाच. उगीच गॅलरीत जाऊन उभी राहते. ह्यांच्यासाठी दुरुस्त करतेय असं सगळ्यांना सांगितलं, तुम्हालाही सांगितलं — पण दादा, मला भिंगरी म्हणणारं दुसरं कोणी नाही हो या जगात. तेवढ्यासाठी आलेय मी.

अगंबाई — लागला? दुसरी बॅटरी घातलीत होय… थांबा, मी लावून बघते. वाजतोय. वाजतोय हो! "भिंगरी"च आलंय ना वर? ह्यांनीच घातलंय ते नाव — नका, उचलू नका तुम्ही. वाजू दे जरा.

वाजू दे.

दादा, बंद करा तो. नाही, बिघडला नाही, तुमचं काम चोख आहे, बंद करा आणि द्या इकडे, पिशवीत खाली टाकते. घरी वाजायला नको आता. येते मी — त्या बाई कुठे गेल्या म्हणून हे दारात उभे असतील.