घारीचा फोटो आणि मुलाचा खांदा

कोथरूडात एक आजोबा होते, एक आजी, म्हणजे मी, आणि येईल त्या स्थळाला नाही म्हणणारी एक नात, मुक्ता. आजोबांना उडत्या घारींचे फोटो काढायचा नाद. पण हात थरथरायचा, मग फोटोत नुसतं आभाळ यायचं.

एकदा मुक्ताला बघायला एक मुलगा आला. "यालाही नाहीच म्हणणार मी," ती आत कुजबुजली. मी पोहे दिले, तेवढ्यात गॅलरीसमोर घार घिरट्या घालायला लागली. आमचे हे उठले, मुलाला म्हणाले, "जरा इथं उभे राहा," आणि कॅमेऱ्याची ती लांब नळी त्याच्या खांद्यावर टेकवली.

त्याची आई म्हणाली, "अहो, मुलगा दाखवायला आणलाय, स्टँड म्हणून नाही."

"आई, हसवू नकोस, खांदा हलतो," मुलगा म्हणाला. "आजोबा, वळली बघा, घ्या आता."

घार पंखांसकट अख्खी आली. यांनी तो फोटो सगळ्यांना दोनदा दाखवला.

मंडळी गेल्यावर मुक्ता म्हणाली, "आजी, आजोबांसाठी पोहे गार होऊ देणारा हा पहिलाच. हो म्हणून कळव."

आता हे नाहीत. पण जाण्याआधी घराला असा नातजावई लाभला. तुमच्याही घरी असाच कुणी येवो.