सुतकातल्या घराला नववर्षाच्या शुभेच्छा

नाव: किनुयो सावामुरा, वय ७१, धंदा: मुळ्याचे लोणचे घालून विकणे, राहणार बंदरामागची गल्ली, साकाता.

पोलिसांनी विचारल्यावरून, कोणाच्या दबावाशिवाय सांगते ते असे:

४ जानेवारीला सकाळी मी दारातला बर्फ ओढला, देव्हाऱ्यात यजमानांच्या फोटोपुढे भात आणि चहा ठेवला आणि त्यांचा फोन चार्जिंगला लावला. यजमान एइझो ऑगस्टमध्ये वारले. फोन चालू ठेवण्याचे कारण विचारले असता, काही कारण नाही.

फोनवर बँकेच्या नावाने ईमेल आला होता. आधी नवीन वर्षाच्या शुभेच्छा. मग, माहिती आजच भरा, नाहीतर खाते गोठवू. मला संशय आला. मयत झालेल्या घराला वर्षभर कोणी शुभेच्छा देत नाही. आमच्या बँकेचे निशिओ दर महिन्याला स्कूटरवरून घरी येतात. ते अंत्यविधीला होते. यजमानांचे खातेही बँकेने तेव्हाच गोठवले आहे.

तेवढ्यात माझ्या थोरल्या नणंद तात्सुए आल्या. त्या एकट्या राहतात. वृद्धाश्रमासाठी साठवलेले सगळे त्यांच्या खात्यात आहे. त्यांनाही तसाच ईमेल आला होता. खाते क्रमांक आणि पासवर्ड त्यांनी भरला होता. फोनवर आलेला कोड कुठे भरायचा, एवढे विचारायला आल्या होत्या. मी भरू नका म्हणाले.

“तुला मेलीला सगळ्यातच खोट दिसते. बँक काय आता दारात येऊन विचारणार?”

“आपली येते, वन्सं.”

शुभेच्छांचे सांगितले, तर म्हणाल्या, सुतक तुझ्या घरात, माझ्या नाही.

“ते तुमचे भाऊ नव्हते का?”

त्यांनी आपला फोन माझ्या हातात दिला. मी पासबुकावरच्या नंबरवर बँकेला फोन केला. बँकेने त्यांचे खाते थांबवले. पैसे गेलेले नाहीत. असा ईमेल बँकेने पाठवलेला नाही, असे निशिओंनी सांगितले. लोक हसतील म्हणून नणंद ठाण्यात आलेल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी मी फोनच्या दुकानात जाऊन यजमानांचा नंबर बंद करून घेतला. फोन तपासासाठी आज हजर करीत आहे.

वरील मजकूर मला वाचून दाखवला, नंतर मी स्वतः वाचला. ‘निरुपयोगी फोन’ असे लिहिले होते, त्यातला पहिला शब्द मी खोडायला लावला. बाकी माझ्या सांगण्याप्रमाणे आहे.