मूळ प्रत गाईनं खाल्ली

...अन् वर म्हणे, पुरावा काय! आता तुम्हीच सांगा मंडळी, अंधाराचा काय पुरावा आणायचा? चिमटीत धरून आणायचा का डब्यात भरून? अहो बसा, बसा, उठू नका, चहा येतोय, आला नाही तर गप्पांवर भागवा. तुम्हाला सांगतो, पहिल्यापासून सांगतो. मी लोटू, बुरहानपूरच्या केळी-वखारीचा गेटवाला, चौथीच्या वर्गातून खिडकीवाटे जो पळालो तो मास्तर अजून हजेरीत माझं नाव पुकारत असेल, पण माझं मरू द्या. गायत्रीचं ऐका.

गायत्री म्हणजे निंबोल्याच्या शालिग्रामची पोरगी. बी.एस्सी. शिकलेली! वखारीत केळी पिकवायचे मोठाले चेंबर आहेत, त्यात जायचं, केळात सुई खुपसायची अन् आतल्या गराचा ताप बघायचा, हे तिचं काम. मी रोज चिडवायचो, “काय डॉक्टरीणबाई, पेशंट कसे आहेत?” तीही हसून म्हणायची, “बरे आहेत काका, पिवळे पडताहेत.” अशी पोरगी! अन् ती हसायची बंद झाली ना, तेव्हाच मला कळायला पाहिजे होतं.

तर चेंबर. तिजोरीसारखं जाड दार, आत थंडगार, दार लागलं की बाहेरचा ट्रकसुद्धा ऐकू येत नाही. लाईटचं बटण कुठं? बाहेर! कोणा अक्कलवंतानं लावलं देव जाणे. अन् किल्ल्या कोणाकडं? चेंबर सांभाळणाऱ्या लीलाधरकडं. कपाळाला गंध, खिशात माळ, शेठ दिसला की पायावर, बाया दिसल्या की “ताई, ताई”. अहो, इतका गोड की माश्या बसाव्यात! बाहेर ताई... अन् आत?

आता आमच्याकडं एक खोड आहे. हिरव्या केळावर काट्यानं लिहायचं. लिहिताना काही दिसत नाही. मग चीक काळवंडतो अन् अक्षरं हळूहळू वर येतात, आपोआप, जशी केळाच्याच अंगातून फुटावीत. पोरं एकमेकांना शिव्या लिहितात, मीही लिहिल्यात, चांगल्या ठसठशीत. पण गायत्री आत गेली, समोरच्या फणीवर सुई लावायला वाकली, तर केळावर अक्षरं उगवत होती... “आज केस मोकळे?”

केस तिनं त्याच सकाळी मोकळे सोडले होते हो!

दुसऱ्या दिवशी घट्ट वेणी. तर केळावर, “रागावलीस? रागातपण छान.” म्हणजे ती यायच्या जरा आधी कोणीतरी आत येऊन गेलेलं. मग लाईट जायला लागली. ठार काळोख, अन् काळोखात किल्ल्या वाजतात, छुन्... छुन्... जवळ येतात, थांबतात, अन् मानेवर श्वास. गरम. त्या बर्फासारख्या खोलीत एकच गरम गोष्ट, तीही मानेवर! ती किंचाळायची, पण दाराबाहेर आवाज जाईल तर शपथ. मग फटकन लाईट, दार उघडं, अन् दारात लीलाधर, “अरे ताई! अंदर थे क्या आप? मेरे को क्या मालूम!”

घरी सांगितलं. बाप म्हणाला, “सोड ती नोकरी, रावेरचं स्थळ आलंय, उरकून टाकू.” ती म्हणाली, “मी काय केलं म्हणून मी सोडू, बाबा?” तो म्हणाला, “बरं, पण तुझ्याकडं पुरावा काय?” घ्या! बापसुद्धा!

मग समिती. असते हो समिती, बाईमाणसाला कामावर त्रास झाला तर ऐकायला. आमची म्हणजे शेठची वहिनी निर्मलामॅडम, शेठचा मुनीम अन् शेठचा साडू. पोरीनं मोबाईलवर अक्षरांचा फोटो दाखवला. मॅडमनं चष्मा वर केला, खाली केला, “हे तर कोणीपण लिहील. तूच लिहिलं असशील. फोटो चालत नाही बेटा, मूळ प्रत लागते.”

मूळ प्रत! केळाची!

पण पोरगी हट्टी. ताजं लिहिलेली अख्खी फणी छातीशी धरून घेऊन गेली, जशी तान्हं लेकरू नेतात, टेबलावर ठेवली. मॅडम म्हणाल्या, “आता तू बाहेर बस, त्याचं ऐकू दे.” ती बाहेर. लीलाधर आत. गंध, नमस्कार, ताई, माँजी, सगळं. अन् बोलता बोलता ह्या शहाण्यानं फणीतलं एक केळ मोडलं, सोललं, मॅडमच्या हातात! “घ्या ना मॅडम, आपल्याच वखारीचं.” मॅडमनं खाल्लं. मुनीमानं खाल्लं. साडूनं दोन. गायत्रीला परत बोलावलं तेव्हा टेबलावर फक्त देठ.

“सालं कुठं आहेत?” ती म्हणाली, “अक्षरं सालांवर होती!”

मॅडम म्हणाल्या, “अगं, फेकतात का? गाईला घातली. पुण्य लागतं.”

मी बघितली ना ती गाय. माझ्याच गेटजवळ रवंथ करत होती. अक्षर-शत्रू मेली, माझ्यासारखी!

मग मॅडम म्हणाल्या, आठवडाभरात काही आणलं नाहीस तर खोटी तक्रार म्हणून लिहावं लागेल. म्हणजे नोकरी गेली, वर नाव गेलं, अन् रावेरचा नवरदेव घोड्यावर. अन् लीलाधर रोज चेंबरपाशी उभा, “कैसे हो ताई?” छुन्... छुन्...

तर एक दिवस पोरगी चेंबरमधून बाहेर आली ती पांढरीफटक, क्रेटवर कोसळलीच. पॅकिंगवाली धुरपदाबाई धावली, “काय झालं वं माय? काय होतं आत?” गायत्रीनं तोंड उघडलं. नाव ओठांवर होतं हो! पण नाव घेतलं की पुढचा प्रश्न ठरलेला. तर ती एवढंच म्हणाली, “आत... काहीतरी आहे, मावशी. अंधारात येतं. मानेवर श्वास सोडतं.”

झालं! धुरपदाबाईनं हातातली फणी टाकली. “भूत!”

मंडळी, जेवणाच्या सुट्टीपर्यंत एकही बाई कामावर नाही. चेंबर उघडायला कोणी तयार नाही, आत केळी पिकवायचा गॅस कोंडलेला, केळी स्वतःच्याच गरमीनं उकडायला लागलेली, दिल्लीचा ट्रक गेटवर भोंगा मारतोय. ललितशेठ चपला हातात घेऊन धावत आला. अन् मला सांगा, त्यानं विचारलं का, पुरावा काय? एका शब्दानं? नाव नको! तास भरायच्या आत बटण दाराच्या आत आलं, बाहेरची कडी निघाली, बायांनी जोडीनंच आत जायचं असा हुकूम झाला, अन् तुकईथडहून वामनभगत जीपमध्ये घालून आणला.

भगतानं लिंबू कापलं, डोळे फिरवले. “ज्याच्याकडं ह्या दाराच्या किल्ल्या, त्याला धरलंय यानं.”

सगळ्या माना लीलाधरकडं! धरला चौघांनी, बसवला, नाकाखाली मिरच्यांची धुरी, पाठीवर कडुलिंबाचे फोक, सपासप. मी मोजले नाहीत, मजा बघत होतो. अन् लीलाधर ठसकत, रडत ओरडला, “सोडा! भूत-बूत काही नाही! लाईट मीच घालवायचो! केळावर मीच लिहायचो! अंधारात मीच जायचो तिच्यामागं!”

अख्ख्या वखारीसमोर, मंडळी! मॅडमसमोर, मुनीमासमोर, दोन केळी खाणाऱ्या साडूसमोर! गायत्री उठून उभी राहिली. म्हणाली, “ऐकलं? मॅडम, ऐकलं ना तुम्ही?”

मॅडमनं पदर तोंडाला लावला, हात जोडले अन् भगताला म्हणाल्या, “बाबा... ते बोलायला लागलं!”

अन् भगत काय म्हणाला माहितीये? “आता खोटं बोलून सुटू बघतंय. मारा अजून!”

लीलाधरला भूतबाधा झाली म्हणून पगारी रजा. खकनारकडं, सासुरवाडीला. समितीनं लिहिलं, आरोप सिद्ध झाला नाही, वखारीची शांती केली. अन् किल्ल्या? पिशाच्चाच्या किल्ल्या घेणार कोण? गायत्रीनं हात पुढं केला.

आता तिच्याच कमरेला असतात. काल बघितलं, चेंबरकडं जाता जाता मधेच थबकली, झर्रकन मागं वळली. मागं कोणी नाही. तिच्याच किल्ल्या वाजल्या होत्या. छुन्...

मी म्हटलं, “पोरी, गेला ना आता तो? कशाला भितेस?”

तिनं वाजणाऱ्या किल्ल्या मुठीत आवळल्या. मग म्हणाली,

“गेला, याचा पुरावा काय, लोटूकाका?”