पिंजऱ्याचा झोका

सन्माननीय अध्यक्ष श्री. ग्विलिम बेडो, व्यासपीठावरील पाद्रीसाहेब, सत्कारमूर्ती इदवाल प्रॉसर आणि खाणवस्तीतल्या माझ्या बंधूभगिनींनो,

इदवालकाकांना निरोप देण्यासाठी एल्विनच्या विधवेला बोलायला उभं केलंत, हा मी माझा बहुमान समजते. चहा निवतोय, म्हणून थोडक्यात सांगते.

काकांनी आयुष्यभर यंत्रघरात बसून आमची माणसं खाणीत सोडली आणि वर ओढली. त्यांना खालचा माणूस दिसायचा का? नाही. दिसायचा तो समोरचा काटा. लांबलचक पोलादी दोराच्या टोकाला टांगलेला पिंजरा कोणी चढलं की स्प्रिंगवरच्या वजनासारखा खालीवर हलतो. वजन वाढलं की झोका संथ होतो, घटलं की चपळ. तो ताल काट्यावर उमटतो. काटा बघितल्याशिवाय काकांनी कधी दांडा ओढला नाही. पोरं चेष्टा करायची, "काका, आज माझी न्याहारी जास्त झालीय, कळलं ना?"

खाणीत पाणी शिरलं त्या दिवशी तळाशी चौघं होते. लहान पिंजरा, आत पाटी, 'फक्त तिघे'. वर तिघंच आले. एल्विन पिंजऱ्यापर्यंत पोचलाच नाही, असं त्या तिघांनी चौकशीत सांगितलं. मी ते खरं मानून जगले.

गेल्या रविवारी काका घरी आले. कप हातात तसाच धरून म्हणाले, "मेन्ना, तुझा एल्विन चढला होता गं. झोका चौघांचा झाला होता. मग एकदम चपळ झाला, आणि लगेच खालून 'वर ओढा'ची घंटा वाजली."

त्यांनी तिघांना वर आणलं, पिंजरा पुन्हा खाली सोडला. झोका रिकाम्याचाच राहिला. चौकशीत काकांनी हे सांगितलं होतं, पण चौकशीच्या साहेबांनी लिहून घेतलं नाही. आणि यंत्रात चौघांना ओढण्याचा जोर होता, हे सांगताना काका रडले. काका, तुमच्यावर माझा राग नाही. तुम्ही सांगितलंत, याचे उपकार फिटणार नाहीत.

त्या तिघांपैकी दोघं आता देवाघरी आहेत. तिसरे आज आपले अध्यक्ष आहेत.

ग्विलिमभाऊ, तो स्वतः उतरला, की त्याला उतरवलं?

आयोजकांचे आणि केक भाजणाऱ्या बायकांचे आभार. समारंभाला न शोभणारं काही बोलले असेन, तर पदरात घ्यावं. अध्यक्षांचं भाषण अजून व्हायचंय. मी इथंच, पुढच्या रांगेत बसते.