सेलमारविषयी खुलासा

(उंबरमाळीच्या वरची वाडी. भातं कापून झाली आहेत, दुपार कलली आहे. बाईजा ओट्यावर सुपात वरई पाखडत बसली आहे. तिची मुलगी लहानी आणि लहानीच्या शहापूरच्या कॉलेजातला हरेश अंगणाच्या टोकाला जांभळीखाली उभे आहेत. हरेशच्या खांद्याला गच्च भरलेली पिशवी.)

हरेश : हळू बोल ना. मावशीला ऐकू जाईल.

लहानी : मी हळूच बोलतेय. तूच मघापासून आवाज चढवतोस. पिशवी दाव.

हरेश : दाखवतो. आधी ऐकून घे. अंक अजून कुणाला दिला नाय. कॉलेजात नाय, शहापूरच्या स्टँडवर नाय. म्हटलं, पहिलं तुला सांगावं, म्हणून चालत वर आलो.

लहानी : मंग सांग.

हरेश : आपल्या कॉलेजच्या 'परदेश' अंकात पहिल्या पानावर चौकटीत खुलासा टाकलाय. सेलमार नावाचा देश नाय म्हणून.

लहानी : नाय म्हंजे?

हरेश : नाय म्हणजे नाय. वाचतो, थांब. 'सेलमार या नावाचा कोणताही देश जगाच्या नकाशावर नाही. आमच्या वार्ताहराकडून दिशाभूल झाली. वाचकांनी या देशाविषयीचा आजवरचा सर्व मजकूर रद्द समजावा. दिलगीर आहोत. संपादक.'

लहानी : रद्द समजावा.

हरेश : तुझं नाव नाय टाकलं कुठं.

लहानी : नाव टाकतो कवा आपण? तू रशिया, जगन अमेरिका, अक्षदा जपान. ज्यानं जो देश घेतला त्यानं त्याच नावानं लिवायचं आणि त्याला हाकपण त्याच नावानं मारायची, हा नियम तूच काढलास. अख्खं कॉलेज मला सेलमार म्हणतं. क्यान्टीनचा पोऱ्यासुद्धा.

हरेश : नियम काढला तो एवढ्यासाठी, की एकेकाने एकेक देश धरून नीट वाचावं, रेडिओ ऐकावा. तुझ्या वाटणीला देशच उरला नाय. तू म्हणालीस, मी शोधून आणते. मला वाटलं लायब्ररीत शोधशील. तू घरी बसून देश काढलास.

लहानी : आणि तू नकाशा बघितला नायस.

हरेश : नाय बघितला. माझ्या रशियाचे तुकडे होऊन एवढे नवे देश निघाले होते, मला वाटलं त्यांच्यातलाच एखादा असेल. माझाच देश फुटला आणि मलाच पत्ता नाय, हे कुणाला सांगायची लाज वाटली.

लहानी : कळल्यावर तरी बोलायचं.

हरेश : कळेपर्यंत लोक सगळ्यात आधी तुझंच पान उघडायला लागले. गावाकडं शेणव्याला माझा बाप आहे, त्याला माझ्या रशियाशी काय देणंघेणं नाय. तोपण विचारतो, सेलमारचं धरण कुठवर आलं रे? मग मी गप्प बसलो. पण आता मुंबईच्या कुणा प्राध्यापकाने अंक वाचला आणि आपल्या प्राचार्यांना विचारलं, हा देश आहे कुठं? सर म्हणाले, खुलासा छापा, नायतर 'परदेश' बंद करा. शहापूरच्या पोरांना जगातलं काय कळतं, असं म्हणणाऱ्यांची तोंडं आपण गप्प केलीत, लहानी. तू काय, मी काय, सगळ्यांनी शाईत हात बरबटून घेतले. ते सगळं एका खोट्या देशापायी बुडू द्यायचं?

लहानी : माजा भाव हाय तिथं.

हरेश : कुठं?

लहानी : सेलमारात.

हरेश : असं नको बोलूस.

लहानी : आयेसाठी हाय. ठेकेदाराच्या माणसानं मंगळूदादाला मुरबाडच्या बाजारातून नेला. वाडीतली आणखी चार पोरं बरोबर. परदेशात मोठं धरण बांधतात म्हणाला. कोणता परदेश, ते सांगितलं नाय. आये रोज विचारायची, किती लांब, तिकडं भात पिकतं का, थंडी किती. मी तिला देश दिला. देशात धरण दिलं, धरणावर आपली माणसं दिली. अंक आला का ओट्यावर बसून वाचते, सगळी वाडी ऐकाया येते. 'भारतीय मजूर सुखरूप आहेत.' एवढं ऐकलं का आयेचा महिना जातो.

हरेश : मी गेलो होतो मुरबाडला.

लहानी : कशाला?

हरेश : म्हटलं, मंगळूचा खरा देश कळला तर तो मावशीला सांगू, मग खुलासा छापला तरी कुणाचं काय जात नाय. पोरांना नेणारा तो ठेकेदाराचा मुकादम सापडला, एस्टी स्टँडवर. म्हणाला, कसला परदेश? पोरं घाटातल्या एका बोगद्यावर होती. कामाला लागली आणि लगेचच बोगदा खचला. पाचही आत. बाहेर कुणी काढलंच नाय.

लहानी : आणि काय म्हणाला?

हरेश : म्हणाला, हे मी त्याच्या भयनीला कधीच सांगितलंय.

लहानी : हो. सांगितलं व्हतं.

हरेश : कधी?

लहानी : सेलमारच्या आधी. तशीच वर चढून आले. आयेनं तोंडाकडं बघितलं आणि म्हणाली, आज खबर आणलीस तू. तू दिलेला कोरा कागद हातात व्हता, देश शोधून आण म्हणून दिलेला. मी म्हणाले, हो आये, आणली. दादाचा देश सापडला.

हरेश : आणि त्या चार घरांना?

लहानी : त्यांनापण तोच देश.

बाईजा : कोन गो? कोनाशी बोलतंस कवाधरनं?

लहानी : रशिया आलाय, आये.

बाईजा : मंग तिकडं लांब का उभा केलास त्याला? ये रे रशिया. बस. गो, पानी दे त्याला. बरा आलास तू, तुलाच इचाराचं व्हतं.

हरेश : काय, मावशी?

बाईजा : सेलमाराला काय झालं रे?

हरेश : काय म्हणजे?

बाईजा : बेस्तरवारधरनं मंगळू येतो.

लहानी : सपनात येतो, आये?

बाईजा : सपनात कसा? मी जागी असतंय. सांजचा येतो, दिवा लावाच्या वक्ताला. त्या बांधावर उभा ऱ्हातो. अंगनात ये म्हनलं तर येत नाय. आधी कवा आला नव्हता. कशाला येल? तिकडं बरा व्हता. आता म्हनतो, आये, मी निजायचो ती जागाच नाय ऱ्हायली. उठून बघतो तर भुई नाय. धरन नाय, डोंगर नाय. वर काय नाय, खाली काय नाय. आमी उभं कशावर ऱ्हावं?

लहानी : हरेश, खुलासा कवा लिवलास?

हरेश : पाणी दे ना गं आधी.

लहानी : कवा लिवलास?

हरेश : गुरुवारी.

लहानी : गुरुवारी, म्हंजे बेस्तरवारीच. कवा?

हरेश : संध्याकाळी. दिवे लागले तेव्हा छापायची स्टेन्सिल कापत होतो.

लहानी : आये, शहापूरसनं कोनी आलं व्हतं का? कोनी काय सांगितलं तुला?

बाईजा : इथं कोन येतं?

हरेश : मावशी, माणसाची लई आठवण झाली का दिसतं असं. माझी आजी गेली तेव्हा माझ्या बापालापण दिसायची.

बाईजा : असंल बाबा. तू शिकलेला. मंग घंटेचं सांग.

हरेश : कसली घंटा?

बाईजा : धरनाच्या भिताडावरची. पितळंची, मोठी, तडा गेलेली. ती वाजली का हत्यारं टाकाची नि जेवाया बसाचं. मंगळू म्हनतो, तीबी गेली. आता सुटी झाली का नाय ते आमाला कोन सांगनार? नुसते उभे हाव.

लहानी : मी घंटा लिवली नाय. हरेश, मी कवाच घंटा लिवली नाय.

हरेश : मला ठाऊक आहे.

लहानी : मंग हिला कोनी सांगितली?

हरेश : मी लिहिली होती. दिवाळीच्या अंकात तुझा मजकूर थोडा कमी पडत होता. खाली पान रिकामं दिसेल म्हणून मी आपली एक घंटा घातली, तडा गेलेली. मग वाटलं, उगाच पाल्हाळ नको. स्टेन्सिलवर खोडायचं लाल औषध असतं ना, ते लावून बुजवून टाकली. छापली नाय. तुला दाखवली नाय. खोलीत मी एकटाच होतो, लहानी.

बाईजा : बुजवलीस व्हय? तरीच. तिचा आवाज दबका यायचा, म्हनला.

हरेश : मावशी, मला भीती वाटतेय.

बाईजा : भ्यायाचं काय? माजा पोर हाय तो.

हरेश : मंगळूविषयी तुम्हाला एक सांगायला पाहिजे. आधीच कुणीतरी सांगायला पाहिजे होतं.

बाईजा : नको सांगू.

हरेश : पण मावशी...

बाईजा : मला ठाव हाय. ही पयल्यांदा वाचाया बसली ना, 'मजूर सुखरूप' म्हनली तवा हातातला कागद थरथरत व्हता. सुखरूप असता तर कागद कशाला थरथरल? मी काय बोलले नाय. पोर एवढं जीव लावून वाचतंय, तिचं मन कशाला मोडू?

लहानी : आये, तवाधरनं ठाव हाय तुला?

बाईजा : तवाधरनं. रडू नको. इकडं ये, बस माज्याजवल. हे बघ रे रशिया, आमच्यात मढं हाती लागलं नाय का तो मानूस धड इकडचा नाय, धड तिकडचा नाय. त्याला जागाच नसते. कुठंतरी अंधारात पडून ऱ्हानार. मंग हिनं देश आनला. मी म्हनलं, जित्ता नाय तर नाय, माज्या पोराला ऱ्हायला जागा झाली. थंडी असंल, काम असंल, पन चार जोडीदार हायत, वक्ताला जेवान हाय. अंक आला का मला निज यायची. ती जागा तू काढून घेतलीस, बाबा.

हरेश : मला हे माहीत नव्हतं.

बाईजा : तुला कसं ठाव असंल? मी रागं भरत नाय तुला.

हरेश : हे अंक मी फाडून टाकतो. इथंच, चुलीत घाला सगळे.

लहानी : मंग 'परदेश' बंद होईल.

हरेश : होऊ दे. सरांना सांगतो, संपादकाला जमलं नाय. मला नाय पाहिजे असला अंक.

बाईजा : फाडून काय व्हतं? धरनाखाली गेलेलं गाव, सायबानं कागद फाडला म्हनून वर येतं व्हय? ती भुई गेली ती गेली. आता उगा दोगांचंबी नुकसान नको.

हरेश : मग मी काय करू, तुम्हीच सांगा.

बाईजा : देश नाय म्हनून लिवलंस, ते ऱ्हाऊ दे. पन त्यातली मानसं कुठं गेली, ते कुठं लिवलंस? ते लिव.

लहानी : चौकटीच्या खाली जागा हाय. एक ओळ मावंल.

हरेश : स्टेन्सिल गेली, आता हाताने लिहावं लागेल. एकेका अंकावर.

लहानी : लिवू. दे पिशवी. काय लिवू, आये?

बाईजा : घरी निघाली, म्हनून लिव.

हरेश : सर विचारतील ना मावशी. जो देश नायच, त्याच्यातून माणसं निघाली कशी?

बाईजा : तुज्या सराला सांग, देश नसला तर मानूस घरी येनार. नायतर जाईल कुठं?

हरेश : आण पेन. अर्धे मी करतो. 'सेलमार येथे कामास असलेले भारतीय मजूर मायदेशी...' नको, मायदेशी नको. 'घरी निघाले आहेत.' नावं टाकू?

लहानी : टाक. आता कसला नियम? मंगळू पयला. मंग देवजी, बारकू. खालच्या आळीतल्या दोघांची मी सांगते.

हरेश : पाचांचीही?

बाईजा : बरुबर गेले, बरुबर येतील. एकालाबी मागं ठेवू नको.

हरेश : लिहितोय. लहानी, ओळ सरळ येते का बघ.

लहानी : ऱ्हाऊ दे वाकडी. वाचता येते.

हरेश : ऊन गेलं बघ. मला खाली उतरायला पाहिजे होतं.

बाईजा : आता नको जाऊ. वाटंवर मानसं असतील आज. सकाळी जा.

हरेश : कोण माणसं?

लहानी : आये, बांधावर कोनी हाय का?

बाईजा : बघतंय. नाय. कालपातूर या वक्ताला उभा असायचा. आज नाय.

लहानी : म्हंजे काय झालं?

बाईजा : म्हंजे निघाला. पयल्या अंकावर लिवून झालं का, रशिया?

हरेश : झालं, मावशी. पाचही नावं टाकली.

बाईजा : मंग ऊठ गो लहानी. त्या चार घरांना सांगून ये.

लहानी : काय सांगू?

बाईजा : सांग, आज दारं लोटू नका.